युरोपियन संसदेची डिस्चार्ज प्रक्रिया, वेबसाइटसकट: 5 पैकी 4 स्टार

पुण्यात आयटीत प्रायव्हसीचं काम करणाऱ्यांना जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा प्रायव्हसीचा कायदा, तोंडपाठ असतो, क्लायंटच युरोपातले म्हटल्यावर दुसरं काय होणार, पण युरोपियन युनियनच्या, म्हणजे ईयूच्या, स्वतःच्या कार्यालयांवर लक्ष ठेवणारी जी संस्था ब्रसेल्समध्ये बसते, युरोपियन डेटा प्रोटेक्शन सुपरवायझर, म्हणजे ईडीपीएस, तिचा स्वतःचा खर्च आणि कारभार कोण तपासतं हे बघायला फारसं कोणी जात नाही. युरोपियन संसदेच्या साइटवर हे सगळं उघडं ठेवलेलं आहे, पैसे नाहीत, लॉगिन नाही, आणि मला ही सोय इतकी महत्त्वाची वाटते की म्हटलं सविस्तर लिहूनच टाकू.

प्रकार असा आहे की संसदेची बजेट कंट्रोल कमिटी, तिकडे सगळे कॉन्ट म्हणतात, ती संस्थेला लेखी प्रश्नावली पाठवते, संस्था लेखी उत्तरं देते, सुनावणी होते, मग एक खासदार रिपोर्टचा मसुदा करतो, त्यावर बाकीच्यांच्या दुरुस्त्या येतात आणि शेवटी सगळं सभागृह मत देतं की या वर्षाचा हिशेब मंजूर की नाही, यालाच डिस्चार्ज. ऑडिटर्सचा रिपोर्ट समोर असतोच. ईडीपीएसचं बजेट 2022 मध्ये साधारण 2 कोटी युरोच्या आसपास होतं, ईयूच्या हिशेबात अगदीच किरकोळ, तरी ईयूच्या बजेटमध्ये त्याला वेगळा सेक्शन 9 आहे आणि मोठ्यांना विचारतात तसेच प्रश्न त्यांनाही विचारतात.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ती लेखी उत्तरं. किती जागा रिकाम्या, कंत्राटी किती, वरच्या पदांवर बायका किती, कुठल्या देशाचे किती, प्रवासावर काय गेलं, ऑफिसात छळाच्या तक्रारी आल्या का, सगळं तक्त्यांमध्ये. डेटा प्रोटेक्शनच्या संस्थेत माणसं टिकतात की नाही यावरच तर चौकश्या किती वेगाने होणार हे ठरतं ना, त्यामुळे मी रिकाम्या जागांचा तक्ता आधी उघडते. एक उदाहरण सांगते, 2022 मध्ये ईडीपीएसने मास्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्या एका सोशल नेटवर्कवर, ईयू व्हॉइस म्हणून ईयू संस्थांसाठी सर्व्हर सुरू केला, कल्पना छानच होती, पण पुढे तो सांभाळायला दुसरी संस्था मिळाली नाही आणि मे 2024 मध्ये बंद झाला. छोट्या संस्थेने किती कामं अंगावर घ्यायची हा प्रश्न अशा वेळी बजेटच्या आकड्यांइतकाच मॅनेजमेंटचा असतो.

आणि गंमत नाही, खरंच कौतुकाची गोष्ट ही की ज्या संसदेकडून पैसे मंजूर करून घ्यायचे तिलाच ईडीपीएसने जानेवारी 2022 मध्ये ताकीद दिली होती, संसदेच्या कोविड टेस्ट बुकिंगच्या साइटवर गूगल ॲनालिटिक्स आणि स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या कुकीज, म्हणजे वापरणाऱ्याचा माग ठेवणाऱ्या छोट्या फायली, होत्या म्हणून. म्हणजे तू माझा हिशेब बघ, मी तुझ्या कुकीज बघतो, आणि दोन्ही कागद लोकांना वाचायला मिळतात!

आता एक स्टार का कापला. पहिलं म्हणजे उशीर, 2022 च्या हिशेबावर सभागृहाने एप्रिल 2024 मध्ये मत दिलं, तोवर पुढची दोन बजेटं ठरून गेलेली असतात. दुसरं जास्त गंभीर, मंजुरी नाकारली तरी थेट कायदेशीर परिणाम काहीच नाही, काउन्सिलचा, म्हणजे सदस्य देशांच्या सरकारांच्या मंत्र्यांच्या संस्थेचा, हिशेब संसद 2009 च्या वर्षापासून नाकारत आलीय आणि काउन्सिलचं काम तसंच चालू आहे. ठरावाची भाषाही फार गुळगुळीत असते, नोंद घेतो, स्वागत करतो, खेद वाटतो, विनंती करतो, त्यामुळे ठरावापेक्षा प्रश्नावली वाचा.

आपल्याकडच्या लोकांनी हे बघावं असं मला मनापासून वाटतं कारण आपल्या 2019 च्या डेटा विधेयकात प्रस्तावित डेटा प्रोटेक्शन प्राधिकरणाचा हिशेब कॅगने तपासायचा आणि वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांत मांडायचा अशी कलमं होती, ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं आणि 2023 च्या कायद्यात डेटा प्रोटेक्शन बोर्डासाठी ती कलमं राहिली नाहीत. सरकारचे नियम संसदेसमोर ठेवायचे आहेत ते ठीक, पण ज्या बोर्डाने 250 कोटींपर्यंत दंड लावायचा त्याच्या मनुष्यबळावर आणि खर्चावर खासदारांनी दर वर्षी समोर बसवून प्रश्न विचारायला नकोत का? आयटी मंत्रालयाच्या मागण्या स्थायी समिती बघते, तिथून विचारता येईल, आणि विचारायलाच हवं.

वापरायचं असेल तर कॉन्टच्या पानावर जाऊन डिस्चार्ज आणि वर्ष निवडा, ईडीपीएसची उत्तरं आधी वाचा, मग सुनावणीचं रेकॉर्डिंग लावा. दुभाष्याचा इंग्रजी आवाज निवडता येतो, आणि ज्यांना ऑडिट किंवा कम्प्लायन्समध्ये काम करायचंय त्यांनी तरी एकदा पूर्ण बघाच.