कँटरबरी कॅथीड्रल: बोशान्यीच्या खिडक्यांना अर्धा तास द्या

इंग्लंडमधल्या कँटरबरीला आलेले बहुतेक जण आर्चबिशप थॉमस बेकेटची हत्या झाली ती कॅथीड्रलमधली जागा बघतात, मध्ययुगीन रंगीत काचा बघतात आणि दमून बाहेर पडतात. क्वायरच्या (गायकवृंद बसतो त्या भागाच्या) पुढे, आग्नेय ट्रान्सेप्टमधल्या (इमारतीच्या आडव्या बाहूतल्या) काचचित्रकार एर्विन बोशान्यीच्या खिडक्या राहून जातात. फार मोठं नुकसान!

बोशान्यी १८९१ साली तेव्हाच्या दक्षिण हंगेरीत जन्मला. ते गाव आज सर्बियात आहे. जर्मनीत त्याचं नाव झालं, पण ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत तिथे राहणं अशक्य झालं आणि १९३४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने लंडन गाठलं. इथल्या एका मोठ्या खिडकीत बंधनातून सुटका आहे, दुसरीत जगभरच्या मुलांना जवळ घेणारा ख्रिस्त. निर्वासिताने काढलेली चित्रं आहेत, हे लक्षात ठेवून बघा.

आधी कारागिरी बघा. रंग काचेच्या अंगातच असतो; काळ्या-तपकिरी रेषा तेवढ्या वरून काढतात. धातूचं ऑक्साइड आणि काचेची पूड डिंकाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये कालवायची, रेषा काढायच्या, मग साधारण ६५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायचं. भाजणं कमी पडलं की काही वर्षांत रेषा भुकटी होऊन गळतात. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखतात, फटींत जवसाचं तेल आणि खडूची पूड यांचा लगदा भरतात. लगदा सुकून निघाला की पाऊस आत येतो आणि वाऱ्याने काच खुळखुळते.

निळ्या काचेची खोड अशी, की तिचा उजेड शेजारच्या तुकड्यांवर सांडतो आणि बारीक रेषा गिळतो. म्हणून निळ्यावर गडद रंगाचा थर चढवून तो जागोजागी खरवडतात, म्हणजे प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी येतो. बोशान्यीच्या निळ्यात हे शोधाच.

खिडक्या दक्षिणेकडे आहेत. भर उन्हात रंग पेटतात, पण चेहरे हरवतात; पातळ ढग असताना चेहरे वाचता येतात. त्याचे रंग जुन्या काचांच्या शेजारी भडक वाटतात ही तक्रार खरी आहे. आधी मध्ययुगीन काचा पाहून लगेच इथे आलात तर ती जास्तच जाणवेल, म्हणून क्रम उलटा ठेवा.

लंडनच्या सेंट पँक्रसहून वेगवान गाडी तासाभरात कँटरबरी वेस्टला पोचवते, पुढे पायी. क्वायरकडे जायला पायऱ्या आहेत. छोटी दुर्बीण न्या. फोटो काढताना उजेडाचं माप सर्वांत उजळ तुकड्यावर घ्या, नाहीतर निळा पांढुरका येतो.