लीड्सचं चॅरिटी शॉप, एका मागवाल्याच्या नजरेतून

इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कपड्यांच्या दुकानात मोकळं सोडू नये. आधी हात जातो, मग डोळा, आणि किंमत सगळ्यात शेवटी. लेक लीड्सला असते. तिच्या घराजवळ एका हॉस्पिसचं चॅरिटी शॉप आहे. लोकांनी दान दिलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या विकायच्या आणि नफा शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवेला लावायचा, असा कारभार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी माल. शर्ट रंगाप्रमाणे लावलेत, मापाप्रमाणे नाही. दिसायला झकास, पण बेचाळीसचा शर्ट शोधताना मान दुखते. जाकिटांच्या दांड्यावर मात्र जीव अडकला. एका करड्या जाकिटाच्या आत गोल आणि वर क्रॉस असा शिक्का, म्हणजे हॅरिस ट्वीड! स्कॉटलंडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेलं लोकरीचं कापड असेल तरच हे नाव लावता येतं. तसा 1993 चा कायदाच आहे. (काही कापडं फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा 1985 चा कायदा आपल्याकडेही आहे. तो कितपत पाळला जातो, हे कृपया इचलकरंजीत विचारू नये.) जाकिटाची कोपरं शाबूत, वीण घट्ट, एक बटण गायब. किंमत 22 पौंड. गल्ल्यावरच्या सत्तरीच्या बाईंनी बटणांची बरणी उपडी करून जवळपास जुळणारं बटण काढून दिलं, फुकट. त्या पगारी नाहीत, आठवड्यातून दोन दिवस हौसेने येतात.

आपल्याकडे हे काम बोहारीण करत आली आहे. जुन्या साड्या द्यायच्या, पातेलं घ्यायचं आणि मध्ये तासभर हुज्जत घालायची. इथे भाव ठरलेला. मी दोन पौंड कमी करा म्हटलं तर बाई नुसत्या हसल्या.

दान देणाराची सोयही चांगली आहे. तो इथे आयकर भरत असेल तर एक अर्ज भरून घेतात आणि त्याच्या पिशवीवर नंबराचं स्टिकर लागतं. मग त्याच्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी 25 पेन्स देतं. लेकीच्या जुन्या कोटाचे किती पैसे आले, ते तिला ईमेलने कळलं.

आता पर्यावरणाचं. दारावर त्याची पाटी लावली आहे आणि ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. कपड्याचा बराचसा भार तो तयार होतानाच पडतो: कापसाला पाणी, सूतगिरणीला आणि मागाला वीज, रंगाईला पुन्हा पाणी आणि वर रसायनं. प्रोसेसच्या सांडपाण्याने पंचगंगेचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. माझं जाकीट आणखी दहा वर्षं अंगावर राहिलं तर एक नवं विणायचं आणि रंगवायचं टळेल. मात्र मी नवं घेणार होतो आणि ते घेतलं नाही, तरच. स्वस्त मिळतंय म्हणून सहा टॉप कवटाळून नेणारी पोरगी नदीचं काही वाचवत नाही. नव्या खरेदीला कपाटात जागा हवी म्हणून पिशव्या आणून टाकणाराही नाही.

जे विकलं जात नाही त्याचं काय, हे मी मागच्या खोलीतल्या बाईंना विचारलं. काही आठवडे दांड्यावर ठेवतात, मग 'रॅग'च्या, म्हणजे चिंध्यांच्या पोत्यात. पोती किलोवर व्यापाऱ्याला जातात. इथल्या चॅरिटी दुकानांतून निघालेला असा माल घानातल्या अक्राच्या कांटामांटो बाजारात पोचतो, तसा आपल्या पानिपतलाही. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला 1761 आठवतं, पण आज तिथे जगभरच्या चिंध्या फाडून त्यांचं सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. ही विद्या मूळची इथलीच. लीड्सजवळच्या बॅटलीत बेंजामिन लॉ याने 1813 मध्ये लोकरीच्या चिंध्यांपासून 'शॉडी' कापड काढलं. ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेचं जुन्या कपड्यांच्या निवडीचं मोठं केंद्र आज त्याच बॅटलीत आहे.

पण चिंधी फाडली की धागा आखूड होतो. आखूड धाग्याचं सूत कच्चं, म्हणून त्यात नवा तंतू मिसळावाच लागतो. लोकर तरी हे सोसते. आमच्या धंद्यात ज्याला पीसी म्हणतात, ते पॉलिस्टर आणि सुती मिसळलेलं कापड, पुन्हा वेगळं करणं महाकठीण. तेव्हा कपडा दांड्यावरून कपडा म्हणूनच विकला गेला तर खरी बचत. फाडायची वेळ आली की निम्मा डाव हरलो.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. नवा सहा पौंडांना मिळणारा, दोन धुण्यांत गोळे आलेला टी-शर्ट इथे चार पौंडांना टांगलाय. तो कोण घेणार? तो लटकून लटकून पोत्यातच जाणार. एक पौंड लावा, कोणी तरी घरात घालेल. दुसरी तक्रार, शर्टाचं कापड काय हे चिठ्ठीवर लिहीत नाहीत, आणि आतलं लेबल बहुतेकदा कापलेलं असतं. घरी मी सूत जाळून ओळखतो, पण दुकानात काडी पेटवायची सोय नाही. कपडे घालून बघायच्या खोलीत आरसा नाही, हे तर कळसच.

गिऱ्हाइकांबद्दलही एक बोलतो. रात्री बंद दारासमोर पिशव्या टाकून जाऊ नका. इथला पाऊस सांगून येत नाही, आणि भिजलेली पिशवी सरळ रॅगमध्ये जाते, आत ट्वीड असलं तरी.

जायचं तर सोमवारी सकाळी जा. शनिवार-रविवारी लोक कपाटं आवरतात, त्यामुळे ताजा माल सोमवारी निघतो. लोकरीचं काही घेताना काखेची आणि कॉलरमागची शिवण उलटून उजेडात धरा, कसर लागली असेल तर तिथे बारीक भोकं दिसतात. पाचपैकी साडेतीन.