आत कडप्प्याचा तुकडा: जुन्या स्टीरिओच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुना ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक किंवा स्पीकरची जोडी घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेचौदा हजार रुपये गेले. ते परत मिळतील की नाही ठाऊक नाही; पण ज्या रीतीने ते काढून घेतले गेले, ती रीत अजून सर्रास चालू आहे. तिचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच, ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेली माणसं.

त्या वेळी ज्यांचं कुणी आखातात नोकरीला होतं त्यांच्या घरी नॅशनल पॅनासोनिकचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) यायचा. कॉस्मिक, सोनोडाइन ही देशी नावं आम्ही दुकानाच्या काचेतून वाचायचो. बाकीच्यांचा स्टीरिओ सुट्या भागांतून उभा राहायचा. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ॲम्प्लिफायर आणायचा, स्पीकरची खोकी ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची करून घ्यायची, डेक पुढच्या दिवाळीत. आमच्याकडे मात्र वडिलांनी बोनसमधून एका देशी कंपनीचा अख्खा सेट घेतला होता. ॲल्युमिनियमची पुढची पट्टी, जड बटणं, काट्यांचे दोन मीटर आणि त्यांच्या मागे पिवळसर दिवे. त्यावर लागलेली भीमसेनांच्या अभंगांची कॅसेट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची आणि कुणी तक्रार करायचं नाही. डग्ग्याचा घुमारा छातीत जाणवायचा. महागडं यंत्र नव्हतं ते. पण त्यात ट्रान्सफॉर्मरला तांबं पुरेपूर होतं आणि बनवणाऱ्याने लिहिले तेवढे वॅट खरोखर दिले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा तळमजल्यावरच्या सगळ्या सामानाबरोबर तो सेटही पाण्यात गेला.

त्याच मॉडेलची जाहिरात दिसली तेव्हा साहजिकच हात थांबला. 'ओरिजिनल, फुल सर्व्हिस केलेला, एकहाती वापर.' मी चौकशी नीट केली. चालू स्थितीतला व्हिडिओ मागवला, आतले फोटो मागवले, मागच्या पाटीचा फोटो मागवला. सगळं आलं. व्हिडिओत गाणं वाजत होतं, काटे हलत होते. आतल्या फोटोत भला मोठा ट्रान्सफॉर्मर, वीज साठवणारे दोन जाड कपॅसिटर आणि हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) धातूच्या टोपीचे पॉवर ट्रान्झिस्टर स्वच्छ दिसत होते. माणूस बोलायला अतिशय मवाळ. "काका, वडिलांचा सेट आहे, मनावर दगड ठेवून विकतोय. तुमच्यासारख्या कदर करणाऱ्याकडे गेला तर बरं वाटेल." अर्धे पैसे आधी, उरलेले माल गाडीत चढवल्याचा फोटो आल्यावर, असं ठरलं. खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोकी आली. ॲम्प्लिफायर उचलून पाहिला, वजन जुन्याइतकंच भरलं.

घरी लावला तेव्हा पहिली काही गाणी ठीक वाजली. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच पचते. त्या काळचे मोठ्या कोनचे (थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचे) स्पीकर थोड्या ताकदीवरही मोठा आवाज देतात. बैठकीच्या खोलीत बोलता बोलता ऐकायला एक-दोन वॅटसुद्धा पुरतात. त्यामुळे हलक्या आवाजात खरा आणि खोटा ॲम्प्लिफायर ओळखू येत नाही. मी आवाज चढवला तेव्हा आधी डग्गा नाहीसा झाला, मग गळा फाटायला लागला. बास आणि ट्रेबलची बटणं फिरत होती, पण त्यांनी आवाजात काहीच बदल होत नव्हता. तासभर चालवूनही हीटसिंकची बाजू थंडगार. आणि मीटरमागचा उजेड निळा.

निळ्या उजेडाचा मुद्दा जाहिरातींतले फोटो बघतानाही लक्षात ठेवा. झगझगीत निळा एलईडी बाजारात आला तो १९९३ नंतर, जपानमधल्या शुजी नाकामुरा यांच्या कामातून. त्याच संशोधनासाठी तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. १९८० च्या दशकातल्या यंत्रात असा निळा एलईडी म्हणजे कुणीतरी नंतर आत हात घातला आहे. दिवा बदलणं हा गुन्हा नव्हे, पण तो दिसला की पुढचे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आमच्या गावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी झाकण उघडलं आणि काही वेळ बोललेच नाहीत. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. त्या जागी तळाला कडप्प्याचे दोन तुकडे सिमेंटसारख्या कसल्याशा लगद्याने चिकटवले होते, वजन भरावं म्हणून. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं भंगारात विकलं गेलं असणार. दोन्ही मोठे कपॅसिटर गायब. २एन३०५५ जातीचे पॉवर ट्रान्झिस्टर ज्या हीटसिंकवर बसतात तिथे नुसती भोकं. मधोमध गरम गोंदाने डकवलेलं मोबाइल चार्जरचं सर्किट आणि काड्यापेटीहून लहान एक बोर्ड, त्यावर पीएएम ८४०३ नावाची चिप. ही चिप ५ व्होल्टवर चालते आणि दर चॅनेलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) फार तर ३ वॅट देते. खेळण्यांत, छोट्या ब्लूटूथ डब्यांत ती असते आणि तिथे ती आपलं काम चोख करते. चार्जर ५ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा. म्हणजे बोर्डाला मिळणारी वीजच फार तर १० वॅटची. जी वीज आत जातच नाही ती स्पीकरमधून बाहेर कशी येणार?

स्पीकरचंही तेच. जाळीमागे तीन गोल दिसत होते. खालच्या सुरांचा मोठा वूफर स्वस्तातला, नंतर बसवलेला. मधला गोल म्हणजे नुसतं प्लास्टिकचं झाकण, मागे ना चुंबक ना तार. वरच्या सुरांचा ट्विटर खरा होता, पण एकाच खोक्यातला. मला पाठवलेले आतले फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी धडधाकट सेटचे होते. पुढे एका ओळखीच्या गृहस्थांनी तीच जाहिरात दुसऱ्या शहराच्या नावाने पाहिली. पट्टीवरचा डावीकडचा ओरखडासुद्धा तोच.

मला राग पैशांपेक्षा या गोष्टीचा आहे. तो सेट कदाचित थोड्या दुरुस्तीत पुन्हा उभा राहिला असता. सुकलेले कपॅसिटर बदलता येतात, डेकचे चिकट झालेले बेल्ट बदलता येतात, कोनच्या कडेचा झिजलेला फोम नव्याने लावता येतो. हे करणारे हात अजून आहेत. एक जिवंत यंत्र आतून ओरबाडायचं, तांबं किलोवर विकायचं आणि उरलेला सांगाडा आठवणींच्या भावाने खपवायचा, हा धंदा आहे.

वॅटच्या नावाखाली लबाडी आपल्याला नवी नाही. नव्वदच्या दशकात खोक्यांवर पीएमपीओ ही अक्षरं आली आणि दहा वॅटच्या यंत्रावर हजार-हजार वॅट छापले जाऊ लागले. क्षणिक कमाल ताकदीचा तो आकडा. तो कसा मोजायचा याचं कुठलंही सर्वमान्य माप नव्हतं, त्यामुळे छापणाऱ्याला मोकळं रान. अमेरिकेत ग्राहकांची हीच फसगत थांबवण्यासाठी १९७४ साली ॲम्प्लिफायरची सलग देता येणारी ताकदच जाहीर करावी असा नियम आला होता. आता जुन्या मालाच्या बाजारात पीएमपीओचे डबेही 'व्हिंटेज' म्हणून येत आहेत. पुढच्या पट्टीवरचा आकडा सोडून द्या आणि मागच्या पाटीवर वीज किती खातो ते वाचा. तिथे ३० वॅट लिहिलं असेल तर बाहेर ३० वॅटपेक्षा कमीच येणार, पुढे १,२०० लिहिलेलं असो नाहीतर ५,०००.

आता घेताना काय करायचं ते सांगतो. मेकॅनिककाकांकडून शिकलो ते आणि माझ्या अनुभवातून आलेलं, दोन्ही. सुटे फोटो अजिबात मानू नका. एकच सलग व्हिडिओ मागा: पुढची पट्टी, मागची पाटी, स्क्रू काढून झाकण उघडणं, आतला भाग, मग तसाच उघडा ठेवून गाणं लावणं, मध्ये कुठेही कट न करता, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. त्याच व्हिडिओत गाणं चालू असताना मेन स्विच बंद करायला सांगा. खऱ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये मोठे कपॅसिटर भरलेले असतात, त्यामुळे आवाज बहुधा क्षणभर रेंगाळून मग मावळतो. चार्जरवरचा बोर्ड एका झटक्यात गप्प होतो. बास-ट्रेबल पूर्ण फिरवून दाखवायला सांगा. प्रामाणिक विकणारा कुरकुर करेल, पण करेल. "झाकण उघडलं तर वॉरंटी जाईल" असं चाळीस वर्षांच्या यंत्राबद्दल कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

स्पीकर प्रत्यक्ष बघायला मिळाले तर १.५ व्होल्टचा साधा सेल तारांना क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येऊन वूफरचा कोन पुढे किंवा मागे सरकला पाहिजे. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. मधले आणि वरचे स्पीकर वाजतात का हे कागदाची नळी कानाला लावून एकेकाजवळ ऐका. ट्रान्सफॉर्मरची तार जिथे उघडी दिसते तिथे लाखेचा थर किंचित खरवडला की तांबं की ॲल्युमिनियम ते कळतं, पण हे मालकाच्या परवानगीनेच आणि वायर प्लगमधून काढूनच. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेत असाल तर तिथेच लावून ऐका, आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊन ऐका.

पैशांबद्दल: माल हातात येऊन वाजेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. "परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन मलाही आला होता, रक्कम परत मागितल्यावर. तो कोड स्कॅन करून पिन टाकला असता तर आणखी पैसे गेले असते. फसगत झाल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मी केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

माणूस धंदा म्हणून विकत असेल तर ग्राहक आयोगाची वाटही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती मिळते. माझी तक्रार दाखल आहे. तिच्यासोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं संभाषण, पैसे पाठवल्याच्या नोंदी, पार्सलची पावती आणि मेकॅनिककाकांनी झाकण उघडतानाचे फोटो जोडले आहेत. हे सगळं पहिल्याच दिवशी साठवून ठेवा. माझ्या बाबतीत तक्रारीचा शब्द काढताच त्या माणसाने जाहिरात उतरवली आणि व्हॉट्सॲपवरचे स्वतःचे मेसेज पुसायला सुरुवात केली.