फोशानहून थेट जळगावात: डायनिंग सेट मागवणारी सेवा

चीनमधल्या फोशानच्या कारखान्यातून थेट डायनिंग सेट आणून देणाऱ्या या सेवेचा माल ठीक, कोटेशन मात्र अर्धवट. दर एफओबी, म्हणजे तिथल्या बंदरापर्यंतचाच. जहाजभाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी आणि न्हावाशेवा ते जळगाव ट्रक आपल्या माथी. शेअर कंटेनरचं भाडं घनमीटरवर लागतं. खुर्च्या सुट्या भागांतच घ्या, नाहीतर हवेचंच भाडं भराल.

18 मिमी एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा, टॉप वरून आरशासारखा. उलटा केला की स्क्रूची भोकं आणि मागची कड उघडी दिसते. पाणी तिथूनच शिरतं, एमडीएफ फुगतो. खान्देशात पावसाळ्याआधीच हे होतं, कारण मेमध्ये टेबलाशेजारी कूलर असतोच! चारही कडांना एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, करारात लिहून घ्या. 30 टक्के आगाऊ, बाकी लोडिंगआधी तपासणी करूनच. कॅम-लॉक, म्हणजे सुटे भाग जोडणारं फिरवायचं लॉक, जादा मागा. त्याच मापाचं इथे मिळेलच असं नाही.