बुलडॉग मुंगी आणि जॅक जंपर: जपायचं कुणापासून?

दोघी ऑस्ट्रेलियाच्या, मिर्मेसिया या एकाच प्रजातीतल्या. मोठ्या बुलडॉग मुंग्या सहज दोन-अडीच सेंटीमीटर भरतात. आपला मुंगळा त्यांच्यापुढे पोरगेला वाटेल. जॅक जंपर जेमतेम सव्वा सेंटीमीटरची, काळी, पिवळट जबड्यांची, टुणटुण उड्या मारत चालणारी.

मुंग्यांची रांग मात्र दोघींकडेही नाही. प्रत्येकजण एकटी, डोळ्यांच्या भरवशावर शिकारीला जाते. बुलडॉग मुंगी तर माणूस जवळ आला की वळून चक्क रोखून बघते! पकडलेले किडे अळ्यांसाठी. प्रौढ मुंग्यांचं पोट मधुरसावर. काही बुलडॉग जाती संध्याकाळी निलगिरीवर चढतात, जॅक जंपर दिवसाची.

दोघी जबड्याने धरतात आणि पोटाच्या टोकाची नांगी मारतात, तीही पुन्हापुन्हा. दिसायला बुलडॉग भयंकर, पण मला धास्ती धाकटीची. टास्मानियात सुमारे 3 टक्के लोकांना तिच्या विषाची तीव्र ॲलर्जी आहे, आणि एका डंखानेही जीव जाऊ शकतो. तिथे त्यासाठी विष थोडंथोडं टोचून शरीराला सवय लावण्याचे उपचार दिले जातात.

जाता जाता: जॅक जंपरच्या एका जवळच्या जातीत मादीला गुणसूत्रांची एकच जोडी, नराला तर एकच गुणसूत्र!