लेझर बायोप्रिंटरवर आठ महिने: जीव सगळा त्या ओल्या थरात

पुण्यात असताना मी सिरिंजवाला बायोप्रिंटर, म्हणजे जेलमध्ये कालवलेल्या जिवंत पेशी छापणारं यंत्र, वापरायचे. जेल दाबायचं, सुईतून बाहेर काढायचं, सुई तुंबली की सगळं सोडून ती साफ करत बसायचं. पीएचडीसाठी जर्मनीला आले आणि हातात लेझरवाला आला. त्यावर आठ महिने त्वचेच्या पेशी छापल्यानंतर हे लिहितेय.

याला नोझलच नाही. काचेच्या स्लाइडवर साधारण 60 नॅनोमीटर सोन्याचा थर, त्यावर पेशी कालवलेलं जेल. स्लाइड पालथी धरायची. खाली काहीशे मायक्रोमीटरवर ज्यावर छापायचं तो पृष्ठभाग. वरून 1064 नॅनोमीटरच्या लेझरची एक पल्स काचेतून सोन्यावर पडते, सोनं तापतं, लगतच्या जेलची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि जेलची बारीक धार सुटून खाली थेंब बसतो. 1986 मध्ये याच युक्तीने तांबं छापलं होतं. जिवंत पेशींची पाळी पुष्कळ नंतर आली.

पेशी मरत असतील ही माझी पहिली भीती होती. छापल्यानंतर जिवंत-मृत ओळखणारा रंग घालून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर जवळजवळ सगळं हिरवं म्हणजे जिवंत, मेलेल्यांचे लाल ठिपके कुठेकुठेच. त्या दिवशी मी ती प्लेट लॅबमधल्या प्रत्येकाला दाखवली. तापतं ते सोनं, तेही क्षणभर. जेलच्या आत ती उष्णता फार खोल जात नाही. शिवाय सुई नसल्यामुळे दाट जेल आणि खच्चून भरलेल्या पेशी दोन्ही चालतात. पुण्यातल्या यंत्रावर हे मला कधीच जमलं नसतं.

आता त्रासाचं. पहिले दोन महिने दर वेळी तेच: सुरुवातीच्या ओळी सुरेख, गोल थेंब, एका रेषेत, मग थेंब बारीक होत जायचे आणि शेवटी नुसती कोरी जागा. मला वाटलं लेझरची ताकद उतरतेय. पॉवर मीटर लावून तीनतीनदा मोजलं, आकडा जागचा हलला नव्हता. ऊर्जा वाढवून पाहिली तर थेंबाऐवजी शिंतोडे उडाले. शेवटी एकदा छपाई अर्ध्यावर थांबवून स्लाइड उजेडात तिरपी धरली, आणि कडेला जेल सुकून मेण चढल्यासारखं दिसलं. थर असतो केसाच्या जाडीएवढा, मिनिटांत आटतो. आटला की घट्ट होतो आणि त्याच ऊर्जेत सुटत नाही. तेव्हापासून छपाईची पेटी दमट ठेवते, जेलमध्ये ओल धरून ठेवणारं थोडं ग्लिसरॉल घालते आणि थर दिल्याची वेळ मार्करने स्लाइडच्या कडेवर लिहिते.

थर ब्लेडने ओढायचा असतो. आंबोळीचं पीठ तव्यावर पसरताना हात जड पडला की कसं होतं, तसंच इथे. एका बाजूला जाड राहिला तर त्या बाजूचे थेंब मोठे येतात. हे मॅन्युअलमध्ये चार ओळींत उरकलंय आणि माझे निम्मे दिवस त्यात गेले. यंत्र घ्यायचा विचार असेल तर लेझरच्या आकड्यांवर डोळे लावून बसू नका, थर देण्याची सोय काय आहे ते आधी विचारा.

जाड ऊती हव्या असतील तर धीर लागतो. हॅनोव्हरच्या लेझर केंद्रातल्या गटाने 2012 मध्ये फायब्रोब्लास्टचे (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी) 20 आणि केराटिनोसाइटचे (वरच्या थरातल्या पेशी) 20 थर एकावर एक छापून त्वचेसारखी ऊती उभी केली होती, ते काम मी समोर ठेवून चालते. माझी मजल सध्या सहा थरांची. नुसतं भरीव जेल रचायचं असेल तर सिरिंजच बरी. पेशी नेमक्या जागी, नेमक्या ओळीत हव्या असतील तर मी याच यंत्राकडे वळेन.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. छापलेल्या थेंबांत सोन्याचे काळे कण दिसतात. पेशी त्यांच्या शेजारी वाढतात, पण उद्या हे कुणाच्या जखमेवर लावायचं म्हटलं तर ते कण मला नको आहेत. सोन्याऐवजी पॉलिइमाइडचा (उष्णता सोसणारं प्लास्टिक) थर दिला तर तो न फाटता नुसता फुगतो आणि जेलला ढकलतो. तशा स्लाइड मागवल्या आहेत, पुढच्या आठवड्यात लावून बघणार.