जुना रेडिओग्राम: जीव वाचवायचा की नुसती पेटी?

कुणीतरी घर रिकामं करत असतं. कोपऱ्यात कमरेएवढं लाकडी कपाट उभं असतं. वरचं झाकण उचललं की एका बाजूला टर्नटेबल, दुसऱ्या बाजूला रेडिओची काचेची पट्टी. ‘हवं तर न्या, नाहीतर उद्या भंगारात जाणार’ हे ऐकलं की माणूस विरघळतो. माझा रेडिओग्राम असाच घरी आला. दोघांनी उचलून आणला आणि जिनाभर पिकअपचा, म्हणजे सुई धरणारा, हात मोकळा सुटून आपटत राहिला. (हलवण्याआधी तो हात दोऱ्याने बांधा आणि टर्नटेबलचे स्क्रू आवळा. मला हे नंतर कळलं.)

आता रस्ते तीन. आतलं सगळं मूळचं दुरुस्त करायचं, आतलं काढून ब्लूटूथचा ॲम्प्लिफायर बसवायचा, किंवा मूळचा ॲम्प्लिफायर जिवंत करून त्यालाच फोनवरची गाणी पाजायची. पहिला आणि तिसरा मी स्वतः केलाय. दुसरा केलेल्या पेट्या पाहिल्या आहेत, आणि त्याबद्दल माझं मत फारसं तटस्थ नाही.

आधी एक पथ्य. चालतो का बघू म्हणून प्लग लावायचा मोह होतो, तो आवरा. या यंत्रांत मेणकागदाचे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग, कपॅसिटर) असतात आणि वर्षानुवर्षं ओल पिऊन ते गळू लागतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळीच्या, ग्रिडला (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला) जोडलेला कंडेन्सर गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि जाता जाता स्पीकरच्या आधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर किरकोळ वस्तू, पण ट्रान्सफॉर्मर गेला की सगळा हिशेबच बदलतो.

म्हणून नुसता मागचा पुठ्ठा काढा आणि टॉर्च मारा. माझ्या पेटीत सगळ्यात आधी दिसलं ते उंदराचं घरटं, तेही आत चिकटवलेल्या सर्किटच्या कागदाच्या चिंध्यांचं. पाहायचं ते वेगळंच. मल्टीमीटरने आउटपुटचा आणि (असेल तर) मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेला जोडलेला, अशा दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या सलग आहेत का तपासा. स्पीकरचा कागद धड आहे का बघा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली ताजा पिवळसर भुसा असेल तर कीड अजून आत आहे, पेटी घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा.

मग व्हॉल्व्हचे नंबर वाचा. ईसीसी ८३, ईएल ८४ असे ‘ई’वाले असतील तर फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचं आणि बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे. यूएल ८४, यूवाय ८५ असे ‘यू’वाले असतील तर फिलामेंट माळेसारखे एकामागे एक जोडलेले, आणि चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेली लोखंडी चौकट, बहुतेक वेळा थेट मेन्सच्या एका तारेला. प्लग उलटा लागला तर लोखंडी चासीवर पूर्ण व्होल्टेज. नवशिक्याने या जातीच्या वाटेला जाऊ नये, मग पेटी कितीही देखणी असो.

सगळं मूळचं करायचं तर

वेळ लागतो. माझे सुट्टीचे दिवस धरून चार महिने गेले. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे बदलायचे. जुने कार्बन रेझिस्टर मोजायचे, कारण त्यांचे ओहम वयाबरोबर चढत जातात. डायलची दोरी नव्याने ओवायची, आणि ती कुठल्या चाकावरून किती वेढे घेत जाते याचा फोटो आधी काढला नसेल तर एक अख्खी संध्याकाळ शिव्या देण्यात जाते. हात घालण्याआधी मोठे कंडेन्सर डिस्चार्ज करायचे. बंद करून प्लग काढला तरी त्यांत अडीचशे-तीनशे व्होल्ट टिकून असू शकतात.

पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. माझा मंद झाला. गरम धुळीचा वास आला, व्हॉल्व्हच्या टोकाशी नारिंगी ठिपके उमटले, आणि अर्ध्या मिनिटाने डायलच्या कोपऱ्यातला हिरवा डोळा अर्धवट उघडला. बटण फिरवत स्टेशनवर आलं की हा डोळा मिटत जातो. ही करामत १९३५ ची.

एवढं करून ऐकणार काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. जुनी प्रसारणं एकेक करून बंद होताहेत. फ्रान्स इंटर या फ्रेंच सरकारी रेडिओचं लाँग वेव्ह २०१६ संपताना थांबलं. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएमच गुंडाळलं. जिथे मीडियम वेव्ह अजून आहे तिथे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर तिच्यावर खरखर ओततात. युरोपी बनावटीच्या कित्येक जुन्या सेटचं एफएम १०० किंवा १०४ मेगाहर्ट्झलाच संपतं, वरची स्टेशनं मिळतच नाहीत. म्हणजे हा रस्ता दुरुस्तीतच ज्याला रस आहे त्याचा.

आतलं काढून टाकायचं तर

दोन सुट्ट्यांत काम होतं, फोन जोडला की गाणं सुरू. चासी आधीच कुणी काढून नेली असेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळलेले असतील तर खुशाल करा. धडधाकट चासी उपटून टाकणं मात्र मला पटत नाही. शिवाय आवाज सुधारतो हाही भ्रमच. एकटा ईएल ८४ जेमतेम चार-पाच वॉट देतो, पण मूळचा स्पीकर इतक्यातच खोली भरण्यासाठी बनवलेला असतो. त्याला ५० वॉटचा ॲम्प्लिफायर जोडून आवाज चढवला की कागद फाटतो. नवा दणदणीत स्पीकर बसवला तर त्याच पेटीतल्या टर्नटेबलच्या सुईपर्यंत हादरा पोचतो, तो पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतो आणि पेटी हंबरायला लागते. करायचंच असेल तर नवी भोकं पाडू नका, मूळचीच वापरा, आणि काढलेली चासी बटणांसकट खोक्यात जपून ठेवा.

मधला रस्ता

मी विचारणाऱ्याला हाच सुचवतो. बहुतेक रेडिओग्राममध्ये पिकअपची वायर ज्या सॉकेटमध्ये जाते तिथेच छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो. त्याच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र पिळू नका. दोन्हीत एकेक किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि पुढे एक करा. बटण ‘ग्रॅम’वर आणलं की गाणं व्हॉल्व्हमधून, मूळच्याच स्पीकरवर. कंडेन्सर इथेही सगळे बदलावे लागतात, पण रेडिओच्या कॉइलची जुळवणी, म्हणजे सगळ्यात किचकट काम, टळतं. पुढे कधी वाटलं तर तीही करता येते. ‘यू’ जातीच्या सेटवर हा प्रयोग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून अलग ठेवणारा) अजिबात नको, फोनमार्गे तो करंट तुमच्या हातात येईल.

टर्नटेबलचा निर्णय वेगळा ठेवा. जुना क्रिस्टल पिकअप रोशेल सॉल्टचा असतो, दमट हवेत तो कधीच मेलेला असतो. त्याजागी सिरॅमिक बसतो. मॅग्नेटिक चालत नाही, कारण तो जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो आणि त्याला वेगळा प्रीॲम्प, म्हणजे क्षीण सिग्नल आधी वाढवणारा ॲम्प्लिफायर, लागतो. सुईही पाहा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई. १९४८ नंतरच्या एलपीला २५ किंवा त्याहून बारीक. आणि हे जुने हात तबकडीवर पाच-आठ ग्रॅमचा भार टाकतात, आजचे दोनच्या आसपास. जिवापाड जपलेली एलपी इथे लावू नका.

पॉलिश: ठेवायचं की खरवडायचं

इथे मी चूक केलीय. वरचा थर काळपट दिसला म्हणून पॉलिशपेपर मारला. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, एक मिलिमीटरही जाड नसतं हे डोक्यात नव्हतं. झाकणाच्या कोपऱ्यावर नाण्याएवढा फिका डाग उघडा पडला, तो आजही तिथे आहे. म्हणून खरवडण्याआधी मागच्या कडेला, दिसणार नाही तिथे, कापसाने स्पिरिटचा थेंब लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटनेच मऊ करून तडे बुजवता येतात, काढायची गरज नाही. स्पिरिटला दाद न देता थिनरला मऊ झालं तर लॅकर. कशालाच हललं नाही तर पॉलिएस्टर, त्याला फक्त घासून चमक द्या. नवं पॉलियुरेथेन झटपट होतं आणि पाण्याच्या ग्लासालाही पुरून उरतं, पण पुढे ओरखडा दुरुस्त करायचा तर सगळंच काढावं लागतं. लाखेवर नुसता आणखी एक हात मारला की झालं.

सुटलेलं व्हिनियर उपटून काढू नका. खाली सरस असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवा, सरस पुन्हा मऊ होतो. मग वर फळी ठेवून रात्रभर क्लॅम्प लावा.

आणि स्पिरिटची बाटली हातात आहे तोवर पेटीत सापडलेल्या ७८ च्या तबकड्या लांब ठेवा. त्याही लाखेच्याच असतात. मी एक पुसायला घेतली होती, कापूस काळा झाला तेव्हा लक्षात आलं की धूळ नाही, खाच निघतेय.